लिटरमध्ये मोजलेले बेट

सोमवार, २८ एप्रिल २०२५, सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटे. नारायणगावहून खोडदकडे जाणाऱ्या रस्त्यालगत अंकुशभाऊंच्या टोमॅटोच्या प्लॉटमध्ये मी उकिडवी बसले होते आणि साबणाच्या पाण्यात बुडून मेलेले पतंग चिमट्याने बाहेर काढून मोजत होते. माझ्या देखरेखीखालच्या दहा सापळ्यांपैकी हा शेवटचा. यात चौतीस निघाले. दहाही सापळ्यांची सरासरी काढली, ती एकतीस आली. आठ वर्षांच्या नोकरीत मला कोणत्याही आकड्याचा इतका राग आला नव्हता. तो चाळीस असता, तर जून महिन्यात मी मलेशियातल्या लंकावी नावाच्या बेटावर, कंपनीच्या खर्चाने, नारळाच्या झाडाखाली बसलेली असते.

टोमॅटोवरच्या पतंगांचा आणि बेटाचा संबंध काय, हे समजण्यासाठी आमचा व्यवसाय थोडा समजून घ्यावा लागेल.

मी कीटकशास्त्राची पदव्युत्तर पदवीधर असून एका कीटकनाशक कंपनीत जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांसाठी तांत्रिक अधिकारी आहे. औषध विकणे हे कागदोपत्री माझे काम नाही. पिकावर कोणती कीड आहे, ती कोणत्या अवस्थेत आहे, फवारणी केव्हा करावी आणि केव्हा मुळीच करू नये, हे सांगणे माझे काम. आमच्याकडच्या टोमॅटोचा मोठा शत्रू म्हणजे टुटा नावाची अळी. ती पानात बोगदे करते आणि फळ पोखरते. अळी दिसेपर्यंत थांबले तर उशीर झालेला असतो, म्हणून आम्ही तिच्या पतंगांवर लक्ष ठेवतो. पसरट भांड्यात साबणाचे पाणी आणि वर टांगलेली रबराची एक छोटी गोळी, एवढाच सापळा. गोळीला मादीच्या गंधाची नक्कल असते. नर त्या भरवशावर येतात आणि पाण्यात पडतात. मादी तिथे नसतेच.

सापळ्यामागे आठवड्याला चाळीस पतंग, ही या भागासाठी मी धरलेली मर्यादा आहे. दर सोमवारी सकाळी नऊ वाजता मी सरासरी फोनवरच्या गटांत टाकते. चाळीसच्या खाली असेल तर थांबा, चाळीस किंवा वर गेली तर फवारा. ओतूरपासून मंचरपर्यंतचे शेतकरी त्याला ‘मॅडमचा आकडा’ म्हणतात. माझ्या नावाने या दोन तालुक्यांत आजवर एवढी एकच गोष्ट ओळखली जाते आणि तिचा मला अभिमान आहे.

आता बेट. एकाच गुणाचे औषध अनेक कंपन्या विकत असतात. दुकानदाराने आपलीच बाटली पुढे करावी म्हणून प्रत्येक कंपनी काहीतरी आमिष ठेवते, आणि आमच्या व्यवसायातले सर्वमान्य आमिष म्हणजे परदेश सहल. हंगामात ठरलेले लिटर विकले की दुकानदार विमानात. ही सहल बेटावरच का लागते, याचा उलगडा मला नारायणगावच्या बबनशेठनी केला होता. त्यांचे दुकान आमच्या क्षेत्रातले सर्वांत मोठे. कंपनीने एकदा खर्चाच्या काळजीने दुबई सुचवली, तेव्हा ते म्हणाले, “मॅडम, दुबईला कोन बी जातं. आमच्या आळीतला गवंडी गेली धा वर्सं दुबईला हाय. बेटावर कामाला कोन जात न्हाई. बेटावर गेलेला मानूस मजाच कराय गेला, हे गावाला सांगावं लागत न्हाई.”

हा युक्तिवाद मला आजही अचूक वाटतो.

बेटांची महागाई मी रुपयांत मोजत नाही. रुपयांचा हिशेब पुण्याच्या कार्यालयात होतो. माझ्यापर्यंत ती लिटरमध्ये पोहोचते. मी नोकरीला लागल्यानंतरच्या पहिल्या हंगामात फुकेतचे लक्ष्य होते एकशेवीस लिटर, आणि तेवढ्यात नवरा-बायको दोघेही जात. पुढे विमानाचे भाडे वाढले, डॉलर वाढला, हॉटेले वाढली, आणि प्रत्येक वाढ शेवटी आमच्या टोमॅटोवर येऊन उतरली. बालीला जोडप्यामागे एकशेऐंशी लिटर लागले. मॉरिशसला अडीचशे, आणि तेही एकट्याचे. एका लिटरमध्ये साधारण दहा एकरांची एक फवारणी होते. उरलेले गणित वाचकांनी करावे. मी ते प्रत्येक हंगामात करते आणि माझी झोप उडते.

या महागाईला तोंड देण्याच्या युक्त्या दोन्ही बाजूंनी झाल्या. दुकानदारांनी माल उचलून लक्ष्य गाठायचे आणि सहलीहून परतल्यावर तोच माल परत करायचा, असे सुरू केले. मंचरकडच्या एका दुकानदाराने गोठ्यात खोकी इतकी रचली की म्हशी महिनाभर अंगणात बांधल्या होत्या. तेव्हापासून कंपनी दुकानात गेलेली बाटली मोजत नाही. शेतकऱ्याच्या नावावर फोनमध्ये नोंदली गेलेली बाटलीच मोजते. याच बदलामुळे माझ्या सोमवारच्या आकड्याला नको तेवढी किंमत आली.

कंपनीच्या युक्त्या अधिक करुण होत्या. एक वर्ष तिने अंदमान काढले. बेटच ते, समुद्रही खरा, पण दुकानदार परत आले ते तोंड पाडून. “पासपोर्टवर शिक्का न्हाई बसत,” एकाने मला कारण सांगितले. त्यापुढच्या वर्षी पुण्याच्या साहेबांच्या डोक्यातून याहून स्वस्त कल्पना निघाली: बेटच इकडे आणायचे. नारायणगावातले एक मंगल कार्यालय घेतले, मांडववाल्याकडून थर्माकोलची नारळाची झाडे आणली, मंचावर निळे कापड पसरले आणि त्याला समुद्र म्हटले. प्रत्येक दुकानदाराच्या गळ्यात कागदी फुलांची माळ घातली. घोडेगावचे एक वयस्क दुकानदार बराच वेळ त्या निळ्या कापडाकडे बघत राहिले. शेवटी शेजारच्याला म्हणाले, “राव, ह्यो समुद्र आमच्या थोरलीच्या लग्नात व्हता. तवा ह्याला आभाळ म्हनत व्हते.”

त्या हंगामात आमची विक्री निम्म्याने घटली, आणि पुढच्या वर्षी कंपनी निमूटपणे मॉरिशसला गेली.

यांपैकी एकाही बेटावर मी गेले नाही. अश्विनी गेली.

अश्विनी आणि मी अकरावी-बारावीला ओतूरला एका बाकावर बसत होतो. जीवशास्त्राच्या वहीतल्या माझ्या आकृत्या ती खिडकीच्या काचेवर कागद धरून गिरवून घेई आणि परीक्षकांकडून माझ्यापेक्षा अर्धा गुण जास्त मिळवी, कारण तिची रेघ स्वच्छ असे. पुढे मी कृषी महाविद्यालयात गेले. तिने रसायनशास्त्रात बी.एस्सी. केले आणि बबनशेठच्या घरी सून म्हणून आली. कीटकनाशकांच्या दुकानाला आता शास्त्राची पदवी असलेली व्यक्ती लागते. बबनशेठ दहावीपर्यंत शिकलेले, त्यांचा मुलगा वाणिज्य शाखेचा. म्हणून परवाना अश्विनीच्या नावावर झाला आणि तिचे पदवीपत्र चौकटीत बसून गल्ल्यामागे टांगले गेले. ज्याच्या नावावर परवाना, त्याच्या नावावर सहल. माझी पदवी स्कूटरवरून उन्हात फिरते. तिची पंख्याखाली टांगलेली आहे, आणि चार बेटे तिच्या वाट्याला आली आहेत.

ती दुकान वाईट चालवत असती, तर मला पुष्कळ बरे वाटले असते. तिला प्रत्येक गिऱ्हाइकाचा प्लॉट आणि लागवडीची तारीख पाठ असते. कोणाच्या मुलीची परीक्षा आहे हेही ती लक्षात ठेवते. उधारी मागताना ती कोणाला दुखवत नाही, आणि चुकीचे औषध मागणाऱ्याला परत पाठवते. मत्सर करण्यासाठी माणूस थोडा तरी अपात्र असावा लागतो, अशी माझी समजूत होती. ती समजूत अश्विनीने खोटी ठरवली.

प्रत्येक बेटावरून ती माझ्यासाठी फ्रिजवर चिकटवायचे चुंबक आणते. फुकेतचा हत्ती आहे, बालीचे देऊळ आहे, अंदमानचे कासव आणि मॉरिशसचा न उडणारा डोडो पक्षीही. फ्रिज माझा, हप्ते मी फेडलेले. त्यावरची बेटे तिची. रोज सकाळी दूध काढताना मी त्यांच्यासमोर उभी राहते. तिची छायाचित्रे मी ज्या बारकाईने पाहिली आहेत, त्या बारकाईने एखादा शोधनिबंधही वाचलेला नाही. मॉरिशसच्या एका छायाचित्रात तिची सावली लांब पडली होती. त्यावरून तिकडची सकाळ ठरवली, तारीख जुळवली, आणि त्याच सकाळी मी कुठे होते ते आठवले. मी कळंबच्या एका शेतात होते, आणि शेतकऱ्याची फवारणी फसल्याबद्दल त्याचा चुलता मला सुनावत होता.

पासपोर्ट मी पहिल्याच हंगामात काढून ठेवला होता. चौकशीला आलेल्या हवालदारांनी आमच्या ओसरीवर चहा घेत विचारले, “कुठं निघाला, ताई?”

“अजून ठरलं नाही.”

“मंग घाई कशाची?”

“ठरल्यावर उशीर व्हायला नको.”

त्यांनी माझ्या वडिलांकडे सहानुभूतीने पाहिले. “फॉरेनचं स्थळ हाय का?”

“टोमॅटोचं काम आहे,” मी म्हणाले. पासपोर्ट आला. त्याची सगळी पाने अजून कोरी आहेत.

स्वतःच्या पैशाने का जात नाहीस, असे आई विचारते. प्रश्न रास्त आहे आणि त्याला दोन उत्तरे आहेत. पहिले असे की बेट माझ्या बचतीपेक्षा वेगाने पळते. दर दिवाळीला माझ्या हाती जी शिल्लक असते, ती बरोबर गेल्या वर्षीच्या भाड्याला पुरते. दुसरे उत्तर मी आईला दिलेले नाही. जाणे आणि पाठवले जाणे यांत फरक आहे. ज्या आकड्यावर ही सगळी विमाने उडतात तो मी काढते. मला पाठवले जायला हवे होते.

या वर्षी ती शक्यता प्रथमच निर्माण झाली, आणि तीही महागाईमुळेच. बेट इतके महाग झाले होते की साहेबांना सगळी रचनाच बदलावी लागली. मॉरिशस सुटले आणि लंकावी आले. रात्री पाचाच्या तीन झाल्या. एका खोलीत तिघे पुरुष. दुकानाचे लक्ष्य तीनशे लिटर, आणि जागा एकच. पण एवढे लिटर केवळ दुकानदारांच्या जोरावर निघणार नाहीत, हेही त्यांना कळले असावे. म्हणून परिपत्रकात एक नवे कलम आले: ज्या क्षेत्राचे एकत्रित लक्ष्य पूर्ण होईल, तिथल्या तांत्रिक अधिकाऱ्यालाही एक जागा. योजना ३० एप्रिलला बंद होणार होती. दोन तालुक्यांतून पात्र ठरू शकणाऱ्या बायका दोनच होत्या, त्यामुळे आमची खोलीही परिपत्रकासोबतच्या तक्त्यात आधीच ठरवून टाकलेली होती. अश्विनी आणि मी.

२७ एप्रिलच्या संध्याकाळी क्षेत्राचे लक्ष्य बावीस लिटरने कमी होते. म्हणजे दोनशेवीस एकरांची एक फवारणी. म्हणजेच माझा एक संदेश. त्या संध्याकाळी पुण्याहून साहेबांचा फोन आला. “मॅडम, मी तुम्हाला आकडा बदला असं अजिबात म्हणत नाहीये. फक्त पॉझिटिव्ह राहा.”

तर पुन्हा २८ एप्रिल, सकाळ, एकतीस. मी चिमटा पुसत होते, तेवढ्यात अंकुशभाऊ पाइप बदलून बांधावर आले.

“काय म्हनतंय पाखरू?”

“एकतीस.”

“मंजी तुमचं इमान चुकलं म्हना की.”

“तुम्हाला कुणी सांगितलं विमानाचं?”

“समद्या खोडदला म्हाईती हाय. औंदा मॅडमबी जानार, आशी चर्चा व्हती दुकानात. आमी चार-पाच जणांनी ठरीवलंय, मॅडमनी निस्तं हां म्हनावं. एक फवारा तुमच्या नावानं मारतो. इतकी वर्सं बबनशेठच्या नावानं मारलेच ना. तवा कुठं टमाटं मेलं?”

टोमॅटो मरत नाही, हे खरे. मरतो तो पानाखाली बसलेला एक लहानसा हिरवट ढेकूण, जो टुटाची अंडी फस्त करतो आणि ज्याच्या जिवावर आमचा आकडा एकतीसवर थांबलेला असतो. नको तेव्हा मारलेली एक फवारणी त्याला संपवते आणि पुढच्या तीन फवारण्या आवश्यक करून ठेवते. हे मी अंकुशभाऊंना पूर्वी सांगितले होते. त्या सकाळी पुन्हा सांगितले नाही. “बघते,” एवढेच म्हणाले आणि स्कूटरवर बसले.

स्कूटर सुरू न करता मी काही वेळ विचार केला. खोटा आकडा लिहिण्याचा प्रश्नच नव्हता. ते काम अडाणी माणसाचे. खोटे न लिहिता एकतीसचे चाळीस करण्याचे मार्ग माझ्यापाशी होते. ओतूरकडचे तीन सापळे वाऱ्याच्या तोंडी आहेत, त्यांत पतंग नेहमीच कमी पडतात. ते अपवादात्मक म्हणून वगळले, तर उरलेल्या सातांची सरासरी एक्केचाळीस येत होती. सरासरीऐवजी सर्वाधिक आकडा दिला, तर मंचरच्या एका सापळ्यात अठ्ठावन्न होते. नाहीतर आकड्याखाली एवढेच लिहायचे, की ऊन वाढत असल्याने मर्यादा ओलांडण्याची शक्यता आहे. यातल्या प्रत्येक मार्गाला शास्त्रात प्रतिष्ठित नाव आहे आणि प्रत्येकाचे समर्थन मी कोणत्याही परिसंवादात उभी राहून करू शकले असते. साडेआठला मी बबनशेठच्या दुकानात पोहोचले, तेव्हा ओतूरचे तीन सापळे माझ्या मनाने जवळजवळ वगळले होते.

दुकानात सोमवारचा चहा ठरलेला असतो. बबनशेठनी माझ्यापुढे कप सरकवला. “किती निघालं?”

“नऊ वाजता कळेल, शेठ. सगळ्यांना एकदमच.”

“आता घरच्या मानसाला काय नऊ आन काय धा,” ते म्हणाले. “बावीस लिटर ऱ्हायलंय फकस्त. तुमी बोट लावलं की झालं.”

अश्विनी आतल्या खोलीतून आली. तिच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत घातलेल्या, गवताच्या रुंद काठाच्या दोन टोप्या होत्या. एकीला निळी फीत होती, दुसरीला लाल.

“कालच आल्या,” ती म्हणाली. “निळी तुझी. तुला निळा आवडतो ना अजून?”

“अगं, माझं अजून कुठे ठरलंय?”

“ठरलंच समज. आणि हे बघ, विमान वर जाताना कान बंद होतात, घाबरायचं नाही. गोळी चघळायची, मी घेऊन ठेवल्यात. खिडकीची जागा तूच घे, मला काय, मी लई वेळा बघितलंय. तिकडचं जेवण पहिल्या दिवशी नाही जात घशाखाली, मी चटणी नेते. पाण्यात पहिल्या दिवशी गुडघ्यापर्यंतच जायचं, खालची वाळू सरकते, मला पण भ्या वाटलं होतं. तू फक्त माझ्याबरोबर राहा. मी तुला सगळं दाखवते.”

तिच्या बोलण्यात कोठेही खोट नव्हती. बबनशेठ समाधानाने मान हलवत होते. मी चहाचा कप खाली ठेवला आणि मला त्या तीन रात्री एका क्षणात संपूर्ण दिसल्या. ढग मला दिसण्याआधी ती ढग दाखवणार होती. समुद्र दिसण्याआधी त्याचा रंग सांगणार होती. मी पहिल्यांदा जे पाहीन, ते तिने पाचव्यांदा पाहिलेले असेल आणि माझ्या चेहऱ्याकडे ती कौतुकाने बघत राहील. बाकावर बसून माझ्या आकृत्या गिरवणारी मुलगी आता मला समुद्र गिरवून देणार होती, आणि त्याचे श्रेयही पुन्हा तिलाच मिळणार होते.

नऊ वाजले. मी फोन काढला आणि लिहिले: “दहा सापळ्यांची सरासरी ३१. या आठवड्यात टुटासाठी फवारणी करू नये.” पाठवून दिले.

गल्ल्यावरचा फोन वाजला. बबनशेठनी चष्मा लावून वाचले, पुन्हा वाचले, आणि चष्मा काढून खिशात ठेवला. “नऊ पाखरांसाठी, मॅडम,” ते म्हणाले. “नऊ पाखरं तर ह्या टूबलाइटवर बी बसत्यात.”

निळ्या फितीची टोपी अश्विनीने पिशवीत परत घातली आणि पिशवीचे तोंड नीट दुमडले.

त्या संदेशाचे पुढे बरेच कौतुक झाले. खोडदच्या शेतकऱ्यांनी एका बैठकीत मला शाल दिली. मॅडमने स्वतःची सहल सोडली पण आकडा सोडला नाही, असे भाषणही झाले. मी मान खाली घालून ऐकले. शास्त्र शिकलेल्या व्यक्तीने स्वतःच्या निर्णयाचीही चिकित्सा करावी, म्हणून ती येथे करते. त्या सकाळी नऊ वाजता दोन कारणे एकाच वेळी लागू होती: एकतीस हा आकडा खरा होता, आणि अश्विनीबरोबर त्या बेटावर मला जायचे नव्हते. यांपैकी एकच कारण असते तर मी काय केले असते, हे तपासण्यासाठी शेजारी दुसरा प्लॉट राखून ठेवलेला नव्हता. त्यामुळे निष्कर्ष काढता येत नाही. अंदाज विचाराल, तर शालीचा मोठा तुकडा मत्सराला द्यावा लागेल. तो नसता तर ओतूरचे सापळे वगळले गेलेच असते; साडेआठपर्यंत मी ते वगळत आणलेच होते.

मात्र या संदेशाने अश्विनीचीही सहल बुडेल, अशी जी शांत आशा मी मनात धरली होती, ती दोन दिवसच टिकली. तिच्या दुकानाला स्वतःच्या तीनशेसाठी सहा लिटर कमी पडत होते. मी निघून गेल्यावर तिने माझेच जुने संदेश उघडले. आधीच्या आठवड्यात आंबेगावातल्या मिरचीबद्दल मी लिहिले होते, की फुलकिडे मर्यादेच्या वर आहेत, फवारणी आवश्यक. आमचे तेच औषध मिरचीलाही चालते. तिने मंचर आणि घोडेगावकडच्या मिरचीवाल्यांना एकेक करून फोन केले, माझा संदेश वाचून दाखवला, आणि ३० एप्रिलच्या दुपारी सहा लिटर पूर्ण केले. खऱ्या किडीवर, योग्य वेळी, योग्य मात्रेत. त्यात मला एकही दोष काढता आला नाही. मी प्रयत्न केला होता.

क्षेत्राचे लक्ष्य सोळा लिटरने हुकले. अश्विनी गेली. दुसरी बाई नसल्यामुळे तिला खोली एकटीला मिळाली. समुद्राकडची.

जूनमधल्या एका सोमवारी मी पुन्हा अंकुशभाऊंच्या प्लॉटमध्ये होते. रात्री पावसाची सर येऊन गेली होती आणि तारेवर चढवलेले वेल जड झाले होते. शेवटचा तोडा चालू होता. सात वाजता फोन वाजला. पडद्यावर अश्विनी, डोक्यावर लाल फितीची टोपी. तिकडे साडेनऊ झाले होते.

“आधी हे बघ,” असे म्हणून तिने फोन फिरवला. समुद्र छायाचित्रांपेक्षा पुष्कळ मोठा होता आणि त्याला आवाज होता. अंकुशभाऊ माझ्या खांद्यावरून वाकून बघू लागले.

“लई पानी हाय,” ते म्हणाले. “ते लोक टमाटं लावत न्हाईत व्हय?”

“खारं असतं, भाऊ,” पलीकडून अश्विनी म्हणाली.

“मंग काय उपेग,” असे म्हणून ते तोडणीकडे गेले.

“आज किती गं?” तिने विचारले. “म्हणजे चाळीसच्या वर असेल तर मला आत जाऊन बसावं लागेल. दुकानात माल नाही, दहाच्या आत फोन करून मागवायला लागेल, मामांना ते ॲप जमत नाही. सगळी सकाळ जाईल. खाली असेल तर पाण्यात जाते. आजचाच दिवस राहिलाय.”

“थांब. शेवटचा राहिलाय. मोजते.”

फोन मी वेलाच्या तारेला अडकवला, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतील. टोमॅटोच्या पानांत समुद्र हलत होता आणि त्याच्यासमोर टोपी घातलेली माझी मैत्रीण, माझ्या तोंडून निघणाऱ्या आकड्याची वाट बघत उभी होती. साठ म्हटले असते तर तिने टोपी काढली असती आणि ती आत गेली असती. तिने माझ्यावर कधीही संशय घेतलेला नाही. नऊ वाजता गटात खरा आकडा टाकून चूक झाली म्हणता आले असते, तोपर्यंत तिकडे ऊन चढले असते आणि भरती ओसरली असती.

मी चिमट्याने पतंग एकेक करून बाहेर काढले, पानावर ओळीने मांडले, आदल्या दिवशीच्या नऊ सापळ्यांत मिळवले आणि दहाने भागले. मग पुन्हा पहिल्यापासून मोजले. तारेवरून लाटांचा आवाज येत होता. तिने घाई केली नाही.

“अकरा,” मी म्हणाले, आणि नोंदवलेही तेच: ११.